60 ग्रॅम की 54? प्रथिनांच्या सरकारी आकड्याचं भांडण कशावरून आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2010 च्या तक्त्यात प्रौढ पुरुषासाठी दिवसाला 60 ग्रॅम प्रथिनं लिहिली होती, 2020 च्या तक्त्यात ती 54 झाली. स्त्रीचा आकडा 55 वरून 46 च्या आसपास आला. त्याच वर्षांत जाहिराती सांगत राहिल्या की भारतीयांच्या ताटात प्रथिनं नाहीतच. जिममध्ये 120 ग्रॅमचं गणित मांडलं जातं. मे 2024 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात प्रोटीन पावडर टाळा असं म्हटलं. मग शास्त्र बदललं की कुणीतरी आकडा खाली ओढला, आणि घरात नेमकं किती धरायचं?

शरीराची गरज या दहा वर्षांत बदललेली नाही. बदललं ते आकड्यामागचं गृहीतक. ते गृहीतक तक्त्याच्या मजकुरात असतं, वर्तमानपत्रातल्या चौकटीत मात्र फक्त आकडा छापून येतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आधी आकडा तयार कसा होतो ते पाहू. प्रथिनांत नत्र (नायट्रोजन) असतो, साधारण 6.25 ग्रॅम प्रथिनांमागे 1 ग्रॅम. माणसाला ठरावीक प्रथिनं खायला द्यायची, लघवी आणि शौचावाटे किती नत्र बाहेर पडला ते मोजायचं आणि कोणत्या पातळीला आवक-जावक सारखी होते ते शोधायचं. यालाच नत्र समतोल म्हणतात. अशा 19 प्रयोगांतल्या 235 व्यक्तींची आकडेवारी 2003 मध्ये एकत्र मांडली गेली. त्यातून सरासरी गरज निघाली वजनाच्या किलोमागे दिवसाला 105 मिलिग्रॅम नत्र, म्हणजे 0.66 ग्रॅम प्रथिनं. सरासरी म्हटल्यावर निम्म्या लोकांची गरज त्याहून जास्त असणारच. म्हणून वर सुरक्षेची भर घालून 97.5 टक्के लोकांना पुरेल असा आकडा काढला, 0.83 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं 2007 च्या अहवालात हेच दोन आकडे घेतले आणि आपल्या 2020 च्या तक्त्यातही तेच आहेत. पुरुषाचं संदर्भ वजन 65 किलो, 65 गुणिले 0.83 म्हणजे 54. स्त्रीचं 55 किलो, म्हणजे 45.7.

या पद्धतीतली चूक सगळ्यांना माहीत आहे आणि ती एकाच बाजूला झुकते. ताटात उरलेलं, भांड्याला चिकटलेलं अन्न खाल्लं असंच धरलं जातं, त्यामुळे आवक फुगते. घाम, केस, नखं, कातडी यांतून जाणारा नत्र नीट मोजता येत नाही, त्यामुळे जावक कमी दिसते. दोन्ही मिळून गरज खरीपेक्षा थोडी कमीच निघते. टोरांटोच्या संशोधकांनी अमिनो आम्लाच्या (प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतल्या एकाच्या) ज्वलनावर आधारलेली वेगळी पद्धत वापरली. त्यांचे 2007 चे आकडे सरासरी 0.93 आणि सुरक्षित 1.2 असे आले. त्यावर आक्षेप असा की त्या प्रयोगांत शरीराला प्रत्येक पातळीशी जुळवून घ्यायला पुरेसे दिवस मिळत नाहीत, म्हणून गरज फुगून दिसते. माझ्या मते दोन्ही आक्षेप रास्त आहेत. 0.83 ही तळाची पायरी धरावी आणि 1 ते 1.2 पर्यंत जाण्यात निरोगी माणसानं काही गैर मानू नये.

आता 60 चे 54 का झाले. 2010 मध्ये किलोमागे 1 ग्रॅम धरलं होतं, कारण आपला आहार धान्यावर चालतो आणि धान्याची प्रथिनं अपुरी असतात हे हिशेबात घेतलं होतं. 2020 मध्ये किलोमागे 0.83 धरलं, पण हा आकडा चांगल्या प्रतीच्या प्रथिनांचा आहे. ही प्रत ताटात यावी म्हणून धान्य, डाळी आणि दूध यांचं प्रमाण 3:1:2.5 असावं असं त्याच अहवालात सुचवलं आहे. म्हणजे वाटीभर धान्याला वाटीचा तिसरा हिस्सा डाळ आणि धान्याहून थोडंच कमी दूध. असं ताट असेल तर 54 पुरतात. चपाती, भाजी आणि पाण्यासारखं वरण असेल तर पुरत नाहीत. आकडा कमी झाला म्हणून ओरड झाली. माझी तक्रार वेगळी आहे: अट आत राहिली आणि आकडा एकटाच बाहेर पडला.

प्रत म्हणजे मुख्यतः लायसिन. हे अमिनो आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि आपल्या धान्यांत तेच कमी असतं. गव्हाच्या 1 ग्रॅम प्रथिनांत साधारण 27 मिलिग्रॅम, तांदळात 37, ज्वारीत गव्हाहूनही कमी. तुरीच्या डाळीत 70 च्या आसपास, दुधात त्याहून थोडं जास्त. प्रौढाला किलोमागे दिवसाला 30 मिलिग्रॅम लायसिन लागतं. 1985 च्या जागतिक अहवालात हाच आकडा फक्त 12 होता! तो अडीचपट व्हायला कारणीभूत ठरलेल्या प्रयोगांपैकी महत्त्वाचे प्रयोग बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी भारतीय लोकांवरच केले. 12 खरा असता तर नुसत्या चपातीवरही माणूस निभावून गेला असता. 30 खरा असेल, आणि आज तोच धरला जातो, तर डाळ, दूध, अंडी, मासे यांच्याशिवाय सोय नाही. याच गटाला आणखी एक गोष्ट दिसली: दीर्घकाळ कुपोषित आणि पोटात जंत असलेल्या पुरुषांची लायसिनची गरज जवळपास दीडपट होती आणि जंतांचं औषध दिल्यावर ती खाली आली. शुद्ध पाणी आणि संडास हाही प्रथिनांचाच प्रश्न आहे, तक्त्यात मात्र त्याचा रकाना नसतो.

या वादाची मुळं जुनी आहेत आणि त्यांतलं एक पुण्यात आहे. 1955 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांसाठी खास सल्लागार गट नेमला. 1968 पर्यंत जगावर प्रथिन-संकट येतंय असं अधिकृतपणे बोललं जाऊ लागलं. उपाय म्हणून माशांची भुकटी, खनिज तेलावर वाढवलेले जिवाणू, लायसिन जास्त असलेला मका असे प्रकल्प उभे राहिले. आपल्याकडेही 1970 च्या सुमारास शक्ती, रतन आणि प्रोटीना या मक्याच्या जाती आल्या. त्याच वेळी साताऱ्याच्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांनी भारतीय आहाराची आकडेवारी तपासून दाखवलं की ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंच इंधन म्हणून जाळतं. मग वरून प्रथिनांची भुकटी घालणं म्हणजे सागवान चुलीत सारण्यासारखं आहे. हैदराबादचे पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांचंही म्हणणं हेच होतं: घरातलं धान्य-डाळीचं जेवण मुलाला पुरेसं मिळालं तर प्रथिनं त्यातच भागतात. 1974 मध्ये पोषण-संशोधक डोनाल्ड मॅक्लारन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या प्रथिन-मोहिमेचे वाभाडे काढले आणि ती ओसरली.

पुढे पुण्यात आल्यावर सुखात्मे एक पाऊल आणखी गेले. एकाच माणसाची ऊर्जेची गरज आपोआप खालीवर होत असते, तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, असं त्यांनी मांडलं. पुण्यातच अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये 2250 कॅलरींवर दारिद्र्याचा हिशेब केला होता. सुखात्म्यांची मांडणी मान्य केली तर गरिबांची संख्या एकदम घटते, म्हणून दांडेकरांनी तिला कडाडून विरोध केला. गोपालन यांनाही कमी खाण्याशी शरीर 'जुळवून घेतं' ही भाषा मान्य नव्हती. त्या जुळवून घेण्याची किंमत खुजी उंची आणि घटलेली श्रमशक्ती यांतून वसूल होते. या मुद्द्यावर दांडेकर-गोपालन यांची बाजू मला पटते. पण प्रथिनांआधी पोट भरा हे सुखात्म्यांचं मूळ म्हणणं त्यांच्या काळासाठी बिनचूक होतं.

आज ते जसंच्या तसं का लागू होत नाही, हे बहुतेक चर्चांत सुटतं. प्रथिनांची गरज वजनावर ठरते, ऊर्जेची गरज कामावर. 2020 च्या तक्त्यात कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला 3470 कॅलरी लागतात, बैठ्या पुरुषाला 2110. प्रथिनं दोघांना 54 ग्रॅमच. म्हणजे कष्टकऱ्याच्या आहारातल्या ऊर्जेपैकी प्रथिनांतून 6 टक्के आली तरी भागतं, बैठ्याला 10 टक्क्यांहून जास्त हवीत आणि 1660 कॅलरींवर राहणाऱ्या बैठ्या स्त्रीला 11 टक्के. तांदळाच्या ऊर्जेत प्रथिनांचा वाटा जेमतेम 9 टक्के असतो, गव्हात 13 च्या आसपास. पोटभर भाकरी खाणाऱ्या शेतमजुराला नुसत्या प्रमाणानंच प्रथिनं मिळून जायची. तीच थाळी अर्धी करून खुर्चीत बसणाऱ्याला मिळत नाहीत. अन्नाची कमतरता असलेल्या घरात आधी ऊर्जा वाढवायची आणि बैठ्या घरात धान्य कमी करून डाळ वाढवायची. एकाच देशात हे दोन्ही सल्ले बरोबर आहेत.

'इतके टक्के भारतीय प्रथिन-न्यून' या मथळ्यांत नेहमीची चूक अशी: सर्वेक्षणातल्या लोकांचं सेवन 0.83 शी ताडून पाहिलं जातं आणि खाली असलेला प्रत्येक जण कमतरतेत धरला जातो. 0.83 हा आकडा एका व्यक्तीनं स्वतःसाठी धरायचं लक्ष्य आहे. लोकसंख्येत किती जणांना कमी पडतंय हे पाहायचं तर 0.66 शी तुलना करायची असते, नाहीतर टक्केवारी उगाच फुगते. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत माणशी रोजची प्रथिनं ग्रामीण भागात 62 आणि शहरी भागात 63 ग्रॅमच्या आसपास आली. नुसत्या ग्रॅममध्ये पाहिलं तर देश तुटीत नाही. पण त्यातला मोठा वाटा धान्याचा आहे, आणि पाहणी घरात आलेलं अन्न मोजते, कुणाच्या ताटात किती पडलं ते नाही. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाटीत वरण किती उरतं हे त्या सरासरीतून कळत नाही.

आता ताटाकडे. 55 किलोची बैठं काम करणारी स्त्री घेऊ. सगळी वजनं कच्च्या धान्याची, कारण शिजल्यावर पाणी मिसळतं आणि हिशेब बिघडतो. 5 चपात्यांची कणीक 125 ग्रॅम, त्यात प्रथिनं 13 ग्रॅम. तांदूळ 75 ग्रॅम, 6. तूरडाळ 30 ग्रॅम, 6.5. मटकी 30 ग्रॅम, 6. दूध-दही मिळून 300 मिलिलिटर, 9.5. शेंगदाण्याचं कूट 20 ग्रॅम, साधारण 5. भाज्यांतून 5. बेरीज 51 ग्रॅम, लायसिन अंदाजे 2500 मिलिग्रॅम. तिची सरासरी गरज 1650. पचनात 15-20 टक्के वजा केले तरी भरपूर उरतं.

दुसरं ताट: चपात्या 8, भात तेवढाच, डाळ फक्त 15 ग्रॅम, उसळ नाही, दूध चहापुरतं 50 मिलिलिटर, भाजी कमी, कूट नावाला. प्रथिनं 36 ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणजे कागदावर 0.66 च्या हिशेबानं सरासरी गरज बरोबर भागली. पण लायसिन 1300 मिलिग्रॅमच्या आतबाहेर, गरजेच्या पाऊण पटीच्या आसपास, आणि अजून पचनातली घट काढलेलीच नाही. या ताटाला नुसती ग्रॅममध्ये पास करणारी तपासणी चुकीची ठरते. इथे आणखी दोन चपात्या घालून फारसं साधत नाही. 30 ग्रॅम मटकी आणि एक वाटी दही घातलं की लायसिनची तूट जवळपास भरून निघते.

वरणाबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. 'रोज वाटीभर वरण असतं' याला मोजमाप म्हणून काही अर्थ नाही. 150 मिलिलिटरच्या वाटीत पातळ वरणात 15 ग्रॅम डाळ असते, घट्ट वरणात 30. पहिल्यातून 3 ग्रॅम प्रथिनं, दुसऱ्यातून साडेसहा. कडधान्याला मोड आणल्यानं प्रथिनं वाढत नाहीत. पाणी शोषल्यामुळे 100 ग्रॅममागे ती कमीच दिसतात. मात्र पचन सुधारतं आणि लोह शोषायला आड येणारी फायटेट कमी होतात, म्हणून मोड जरूर आणावेत. कुकरमध्ये शिजवल्यानं प्रथिनं नष्ट होतात हेही खरं नाही. कोरडं, करपेपर्यंत भाजलं तर मात्र लायसिन साखरेशी बांधलं जाऊन वाया जातं.

रोज वजन करत बसायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून महिन्याच्या वाणसामानावरून तपासा. 2024 च्या तत्त्वांमधलं 2000 कॅलरींचं ताट असं आहे: धान्यं 250 ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी काही प्रमाणात अंडी, मासे, मांस) 85, भाज्या 400, फळं 100, दाणे आणि तेलबिया 35, तेल-तूप 27 ग्रॅम, दूध 300 मिलिलिटर. चार प्रौढांच्या घराला महिन्याला हे होतं: धान्य 30 किलो, सगळ्या डाळी आणि कडधान्यं मिळून 10 किलो, दूध-दही 36 लिटर, तेल-तूप सव्वातीन किलो. आता तुमची यादी काढा. बहुतेक यादीत डाळी 4-5 किलो आणि तेल 5 लिटर निघेल. महिनाभर आठवड्यातून चार वेळा मासे किंवा अंडी होत असतील तर डाळींचे दोन-तीन किलो कमी धरा. बाहेरचं खाणं यादीत दिसत नाही, आणि त्यात तेल जास्त, डाळ कमी असते, हे लक्षात ठेवा. 10 किलोंवर एकदम उडी मारली तर पोट फुगतं आणि घर कंटाळतं. आधी 7 किलोंवर या. भिजवलेल्या कडधान्याचं पाणी फेकून द्या आणि सकाळच्या नाश्त्यात मुगाचं धिरडं किंवा उसळ आणा. पोह्यांत मूठभर दाणे नि मटकी टाकली तरी चालेल.

पावडरवरचा वाद मला वाटतं शब्दांमुळे पेटला. तत्त्वांचं म्हणणं असं की स्नायूंसाठी पूरक भुकट्यांची सामान्य माणसाला गरज नाही, आणि किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे जाऊन व्यायामाचा फायदा वाढत नाही. दोन्ही बरोबर आहे. पण 1.6 ही मर्यादा 0.83 च्या जवळपास दुप्पट आहे. नेमानं वजन उचलणाऱ्या शाकाहारी मुलाला 70 किलोला 110 ग्रॅम हवे असतील, तर डाळ-दुधातून ते आणताना ऊर्जाही खूप येते. त्याला सोयाबीनच्या वड्या (100 ग्रॅममध्ये 50 च्या वर), पनीर, अंडी यांनी बरंचसं भागवता येतं, उरलेल्यासाठी साधी दुधाच्या निवळीची (व्हे) भुकटी घेतली तर तो काही अपराध नाही. घेताना डब्यावरच्या ग्रॅमवर थांबू नका. प्रयोगशाळा बहुधा नत्र मोजून त्याला 6.25 नं गुणते, त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळूनही आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ती वेगळी लिहिलेली दिसली तर तो डबा ठेवून द्या.

मुलांसाठी मुद्दा पुन्हा प्रतीचा आहे. 25 किलोच्या मुलाची लायसिनची सरासरी गरज दिवसाला 875 मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि एका अंड्यातून त्याची जवळपास अर्धी भागते. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून द्यावं असं सांगितलं. ज्या गावात वर्गणी देण्याची ऐपत कमी, तिथल्याच मुलांना त्या अंड्याची गरज जास्त. पोषणाच्या दृष्टीनं हा निर्णय मला समर्थनीय वाटत नाही. प्राथमिक शाळेच्या थाळीचा निकष 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं असा आहे आणि तो भातानं आणि थोड्या डाळीनं कागदावर पूर्ण होतो. प्रतीचा रकाना तिथेही नाही.

65 च्या पुढच्या माणसांनी 0.83 वर थांबू नये. वाढत्या वयात तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बनतात, म्हणून 1 ते 1.2 ग्रॅम धरावं आणि ते एकाच जेवणात न घेता सकाळच्या चहा-बिस्किटाच्या जागी दूध-अंडं किंवा मुगाचं धिरडं घ्यावं. अपवाद मूत्रपिंडाचा. डायलिसिस सुरू नसलेल्या, पण मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या रुग्णाला प्रथिनं कमी करायला सांगतात, डायलिसिसवरच्याला उलट वाढवायला. मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल तर डाळ वाढवण्याआधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, आणि आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.